उदबत्ती विझेपर्यंत

मोक शीफूंच्या डाव्या मांडीवरची चहाची वाटी खाली पडली आणि फुटली.

अंगणात रांगेनं बसलेल्या शिष्यांनी डोळे तेवढे तिकडे वळवले. शीफूंनी फुटक्या वाटीकडे पाहिलं, मग राखेत रोवलेल्या उदबत्तीकडे. ती अजून दोन बोटं उरली होती. ते गुडघे धरून सावकाश उठले. उदबत्ती जळत असताना त्यांना उठलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

कुंग-फूच्या या शाळेत सकाळ अशीच सुरू व्हायची. पाय फाकवायचे, मांड्या आडव्या आणायच्या आणि बसायचं. घोड्यावर बसतात तसं, फक्त घोडा नसायचा. दोन्ही मांड्यांवर चहानं भरलेली एकेक वाटी. उदबत्ती विझेपर्यंत हलायचं नाही. शिष्य बसत, त्यांच्यासमोर गुरू, म्हणजे शीफूही बसत. आणि शाळेचा जुना नियम होता, की ज्या दिवशी गुरू शिष्यांच्या आधी उठेल, त्या दिवशी दारावरची पाटी उतरवायची आणि शाळा बंद करायची.

शीफू परसात गेले आणि शिडी घेऊन आले.

"शीफू, वाटी निसटली असेल," थोरला शिष्य याम बसल्या जागेवरून म्हणाला. "फार गुळगुळीत आहेत या वाट्या."

"वाटी तीच आहे. मांडी जुनी झाली. वर्षभर औषधी दारू चोळतोय. वास येत नव्हता तुम्हाला?"

वास सगळ्यांना येत होता. सगळ्यांना वाटलं होतं, शीफू ती पितात.

"कॅन्टनला मुलीकडे जातो," शीफू शिडी दाराला टेकवत म्हणाले. "तिच्या गच्चीत पक्षी पाळीन. पक्षी उभ्यानं झोपतात. त्यांना बैठक शिकवावी लागत नाही."

ते चढू लागले. शिडी धरायला धावावं असं प्रत्येकाला वाटत होतं. पण उदबत्ती अजून जळत होती आणि ती विझेपर्यंत उठायचं नाही हे शीफूंनीच शिकवलं होतं. त्यामुळे शाळा बंद होत होती आणि शाळा मुकाट्यानं बसून होती.

रांगेतल्या चूनची नजर उदबत्तीवरून हटत नव्हती. त्याची आई गावाच्या उदबत्त्या वळायची. देवळाच्या आणि शाळेच्याही. मागच्या नववर्षानंतर मांड्या चोळत चोळत तो तिला म्हणाला होता, "आई, शाळेच्या उदबत्त्या जरा लवकर जळणाऱ्या कर ना. दिसायला तशाच, फक्त लवकर जळणाऱ्या." आईनं मसाला मळता मळता वरसुद्धा पाहिलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणाली होती.

त्याच संध्याकाळी चूननं ही बातमी सगळ्या शिष्यांना सांगितली. तेव्हापासून शाळेत कण्हणं बंद झालं. याम पूर्वी निम्मी उदबत्ती होताच पूर्वजांचा धावा करायचा. आता तो बसल्या बसल्या चुटके सांगायचा. पोरं तयार झाली, म्हणून शीफू खूश होते. आणि त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या मांड्या थरथरू लागल्या.

"दादा, सांगून टाकू का?" चून पुटपुटला.

"गप बस," याम ओठ न हलवता म्हणाला. "साधी उदबत्ती झेपली नाही म्हणून म्हातारा गाव सोडतोय. लवकर विझणारीही झेपली नाही हे कळलं, तर जीव सोडेल."

तेवढ्यात कूक वहिनी, म्हणजे चूनची आई, नव्या उदबत्त्यांचा जुडगा काखेत मारून फाटकातून आत आली. तिची बोटं रंगानं लालभडक होती.

"या वयात शिडीवर काय शोधताय, शीफू?"

"वयच सापडलंय, वहिनी. पाटी उतरवतोय. आज मी उदबत्तीच्या आधी उठलो."

"किती आधी?"

"दोन बोटं."

"एवढंच?" कूक वहिनी म्हणाली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

शीफूंनी पाटीची एका बाजूची दोरी सोडली. पाटी एका अंगाला कलली. सोनेरी अक्षरं तिरकी झाली. आता मात्र चूनला राहवलं नाही.

"शीफू, पाटी नका काढू! दोष माझा आहे. मीच आईला लवकर जळणाऱ्या उदबत्त्या करायला सांगितल्या. वर्षभर आम्ही लबाडीनं बसतोय!"

शीफूंचा हात दुसऱ्या दोरीवर थांबला. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "त्याही मला झेपल्या नाहीत?"

"कसल्या त्याही!" कूक वहिनीनं जुडगा चौथऱ्यावर आपटला. "देवापुढे लावायची वस्तू, आणि हा कार्टा तिच्यात लबाडी मागतो! असा राग आला मला. झाडाच्या सालीचं पीठ वाढवलं मसाल्यात, आणि उन्हाऐवजी सावलीत वाळवल्या. देवळातली विझते तेव्हा ही जेमतेम अर्ध्यावर आलेली असते. म्हटलं, दोन दिवसांत रडत येईल. वर्ष झालं, मेला शीळ घालत घरी येतोय!"

सगळ्या शिष्यांनी उदबत्तीकडे पाहिलं.

मग यामची उजवी मांडी थरथरली. त्याच्या शेजाऱ्याची डावी. एक वाटी पडली, दुसरी पडली, आणि बघता बघता सगळी रांग चहाच्या ओघळात बुडावर आदळली. चून सर्वांत शेवटी पडला, तोही आईकडे बघत.

उदबत्तीचं टोक अजून लाल होतं.

शीफूंनी वरून सगळ्यांकडे पाहिलं. सोडलेली दोरी त्यांनी पुन्हा बांधली, गाठ ओढून पाहिली आणि ते एकेक पायरी खाली आले.

"वहिनी," ते रुसल्या आवाजात म्हणाले, "मलाही सांगायचं होतंत, की लवकर जळणाऱ्या केल्यात म्हणून. मीही बसलो असतो."