आतून लागणारं दार

"मागच्या खोलीचं दार आतून लागतं का?" कुवाबारांनी तिसऱ्यांदा विचारलं.

विक्रेत्याने तिसऱ्यांदा कडी लावून दाखवली. गाडी सव्वा कोटी येनची होती. कातडी आसनं, शेगडी, फ्रीज, छतावर सौरपट्ट्या. मोटारहोम कसलं, चाकांवरचा बंगलाच. निवृत्तीनंतर फिरायला निघणारी जोडपी खिडकी केवढी आहे ते आधी बघतात. हे गृहस्थ पडदे किती जाड आहेत ते चिमटीत धरून बघत होते.

"आणि संडासात मागूनच जाता येतं ना? पुढे यायला नको?"

"नको. उलट सोयच आहे," विक्रेता हसला. "बाईसाहेबांशी भांडण झालं, की मागे जाऊन खुशाल कडी लावून घ्या."

"ती खोली यांच्यासाठी नाही," मित्सुए म्हणाली. कुवाबारांनी घाईघाईने खिशातून कागदांवर सहीऐवजी मारायचा शिक्का काढला.

खोली त्यांच्या मुलासाठी होती. नाओफुमी बाविसाव्या वर्षी पहिलीच नोकरी अर्ध्यावर सोडून घरी आला, वरच्या मजल्यावर गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली होती. आई जेवण दाराबाहेर ठेवी, रिकामी भांडी उचलून नेई. सगळे झोपले की तो खाली येऊन आंघोळ करून जाई. समजावून झालं, रडून झालं, डॉक्टर झाले. शेवटी कुवाबारांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पोराला खोली सोडवत नाही ना, मग खोलीच हलवायची. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर हातात आलेली सगळी पुंजी त्यांनी त्या एका खोलीत ओतली.

गाडी अंगणात आली. तिचं दार घराच्या व्हरांड्याला अगदी चिकटेल अशी त्यांनी ती उभी केली. जिना उतरला की तीन पावलं. मित्सुएने मागच्या खोलीत नवी गादी घातली, वर नाओच्या आवडीची जुनी दुलई पसरली. मग दोघं वाट बघत बसले.

दोन महिने गाडी जागची हलली नाही. शेजारच्या इसोबेबाई कुंपणावरून विचारत, "काय हो, मुहूर्त काढताय की काय?"

"बर्फ वितळू दे," कुवाबारा सांगत. बर्फ वितळला. शेतांत भाताची रोपंही लागली.

मे महिन्यातल्या एका सकाळी कुवाबारा जिना चढून गेले आणि बंद दारासमोर जमिनीवर बसले.

"नाओ, तीन पावलं आहेत रे फक्त. आम्ही पुढे बसू. मागे वळून बघणार नाही, एक शब्द बोलणार नाही. नुसता समुद्र बघून येऊ."

आतून आवाज आला. तो इतका जाड झाला होता, की बापाला क्षणभर ओळखू आला नाही.

"बाबा, तुम्ही दोघं जा."

"आणि तू?"

"मी घर सांभाळतो."

खाली स्वयंपाकघरात मित्सुएने ऐकलं आणि हातातली भांडी खाली ठेवली. "मुळीच जायचं नाही. सोळा वर्षांत एक रात्र तरी त्याला एकटं सोडलंय का आपण? माझ्या आईच्या अंत्यविधीलासुद्धा मी एकटी गेले, तुम्ही मागे राहिलात."

ते खरंच होतं. घर रिकामं झालं, की पोरगं जिवाचं काहीतरी बरंवाईट करून घेईल, ही भीती दोघांच्याही मनात होती. तोंडाने ती कुणीच कधी बोलून दाखवली नव्हती.

"इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा काही मागितलंय," कुवाबारा म्हणाले. "तेही नाही म्हणायचं?"

ते निघाले. दोनशे किलोमीटरच्या वाटेत दोघं दहा वाक्यंही बोलले नसतील. समुद्राकाठच्या थांब्यावर आणखी चार मोटारहोम उभी होती. एका म्हाताऱ्याने हौसेने भाजलेली मासळी आणून दिली, "पहिलीच सफर दिसतेय तुमची!" म्हणाला. मित्सुएला घास गिळवला नाही. रात्री मागच्या खोलीतल्या गादीवर कुणीच आडवं झालं नाही.

सकाळी पावणेआठला फोन वाजला. इसोबेबाईंचा नंबर बघून कुवाबारांचा हात पुढे होईना. मित्सुएने डोळे मिटून फोन कानाला लावला.

"अहो, तुमचा नाओ भेटला की आत्ता! आज जळाऊ कचरा बाहेर ठेवायचा दिवस ना, पिशवी घेऊन कोपऱ्यावर आला होता. मी तर ओळखलंच नाही. केवढे केस पिकलेत हो त्याचे! कावळ्यांनी फोडू नये म्हणून पिशवीवर जाळी नीट ओढून घेतली, मला वाकून नमस्कार केला. आई-बाबा फिरायला गेलेत म्हणाला. मग उन्हात उभा राहिला जरा वेळ."

फोन बंद झाला तरी मित्सुएने तो कानावरून काढला नाही. "केस पिकलेत म्हणे," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

कुवाबारांना काय करू आणि काय नको असं झालं होतं. त्यांनी बाहेर मांडलेल्या खुर्च्या गोळा करून आत फेकल्या, स्टिअरिंगमागे बसले आणि गाडी सुरू केली. "पट्टा लाव. दुपारी घरी पोचतो आपण."

मित्सुएने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"वळवू नका," ती म्हणाली. "परवा बाटल्या-डब्यांचा कचरा बाहेर ठेवायचा दिवस आहे."