एकट्याला जमेल असं

"एकट्या माणसाला जमेल असं दाखवा," ती म्हणाली आणि दुकानदाराने पुढे केलेल्या खुर्चीत बसली. फाटकापासून इथवर वीस-पंचवीस पावलं. तेवढ्यानेही तिला धाप लागली होती.

"एकटं कशाला? दोघं आहोत की आपण," तिचा नवरा म्हणाला. बागवान तो. अक्रोडाची सव्वाशे झाडं आणि एक छोटा ट्रॅक्टर एवढा दोघांचा पसारा. एकतीस वर्षं दोन दंताळी आणि एका ताडपत्रीवर त्यांनी बागेतला पाचोळा काढला होता. ताडपत्रीची दोन टोकं याच्या हातात, दोन तिच्या.

दुकानामागच्या आवारात पाचोळा ओढायची तीन यंत्रं उभी होती, ट्रॅक्टरच्या मागे जोडायची. पंखा पानं ओढून घेतो, त्यांचा चुरा करतो आणि मागच्या पेटीत भरतो.

"हे सगळ्यात जास्त खपतं," दुकानदार म्हणाला. त्या यंत्राला हत्तीच्या सोंडेसारखा पाइप होता. "एकाने ट्रॅक्टर चालवायचा, दुसऱ्याने मागून पाइप फिरवायचा."

"झालं तर मग," बागवान म्हणाला. "मी ट्रॅक्टरवर, ही मागे. हेच घेऊ."

"पुढचं दाखवा," ती म्हणाली.

दुसरं यंत्र ट्रॅक्टरखालच्या गवत कापायच्या पात्यांना जोडायचं होतं. पाइप धरायला कुणी लागत नव्हतं. पण पेटी भरली की खाली उतरून ती हाताने उचलून उलटी करायची.

"किती वर उचलायची?"

दुकानदाराने छातीशी हात धरून दाखवलं.

"नाही चालणार. यांचा उजवा खांदा वर जात नाही."

"माझ्या खांद्याला काही झालेलं नाही."

"मग टोपी डाव्या हाताने का काढता?"

दुकानदार हसला. बागवान हसला नाही.

तिसरं दुकानातल्याच एका ट्रॅक्टरला जोडून ठेवलेलं होतं. त्याची पेटी वर बसल्या बसल्या दोरी ओढली की आपोआप उलटत होती. तिने पिशवीतून कागद काढला. फाटकाची रुंदी, दोन झाडांमधलं अंतर, सगळं तिने घरून लिहून आणलं होतं. ओढ्याकडच्या झाडांखाली उतार आहे, तिथे हे कलंडणार नाही ना, असंही विचारलं.

"सावकाश चालवलं तर नाही कलंडणार, काकू."

"ऐकलंत ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "सावकाश. आता जरा वर बसून दोरी ओढून बघा. डाव्या हाताने."

तो बसला. ओढली. पेटी उलटली.

"परत एकदा."

त्याने परत ओढली आणि खाली उतरला. "एवढी घाई कशाला? पुढच्या वर्षी बघू."

"यंदाच घ्यायचं."

डॉक्टरांनी तिच्या आजाराचं दोघांना समोर बसवून सांगितलं, त्याला आठ दिवस झाले होते. त्यानंतर घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"आता कुठे पालवी फुटतेय," दुकानदार म्हणाला. "पानगळीला सहा महिने आहेत. तेव्हा मी घरपोच करतो. आत्ता नेलं तर नुसतं पडून राहील."

तिने कागदाची घडी घातली. "चालेल. तेव्हा पाठवा. जोडायचं कसं ते यांना नीट समजावून सांगा म्हणजे झालं. दोनदा सांगा. पहिल्यांदा ऐकत नाहीत."

बागवान तिच्याकडे बघत राहिला. मग दुकानदाराला म्हणाला, "ट्रॅक्टर घेऊन येतो. आजच न्यायचं."

दुपार कलली तेव्हा त्याने घरातली खुर्ची बागेत आणून ठेवली, तिला हाताला धरून बसवलं, अंगावर शाल घातली. शेडमागे गेल्या मोसमातला पाचोळा ढीग करून ठेवलेला होता. त्याचा वरचा थर कोरडा होता. टोपल्या भरभरून त्याने तो आणला आणि कोवळ्या पालवीच्या झाडांखाली पसरला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा चळला.

मग तो ट्रॅक्टरवर चढला. यंत्र घरघरलं, पानं भराभर आत जाऊ लागली. पण दर चार हातांवर तो मान वळवून खुर्चीकडे बघायचा आणि चाक बाजूला जायचं. शेवटच्या झाडापाशी त्याने दोरी ओढली, पेटी रिकामी केली, इंजिन बंद केलं आणि परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"जमलं की," तो म्हणाला.

तिने बोट दाखवलं. "तिथे राहिलंय. त्या झाडाखालीही. सगळीकडे पट्टे सुटलेत."

"पहिलीच वेळ आहे."

"अजून चार टोपल्या आणा," ती म्हणाली. "परत पसरा. आणि या वेळी माझ्याकडे न बघता चालवा."

त्याने टोपली उचलली आणि शेडमागे गेला. टोपली भरायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो तिकडेच होता. तिने हाक मारली नाही.