हिरवा दिवा

टिपणीसांनी आपल्या कुत्र्याला, ढब्बूला, टेबलावर ठेवलं आणि मनगटावरचा हिरवा दिवा पशुवैद्य डॉक्टर शिरगावकर बाईंच्या नाकासमोर धरला.

"लघवीत स्फटिक नाहीत. उगाच कण्हतोय. झोपेचं औषध द्या. नाहीतरी तुम्हा लोकांना आता दुसरं काय काम उरलंय?"

ढब्बूच्या गळ्यातला स्वयंचलित पट्टा त्याला रोज एकट्यालाच बागेत फिरवून आणायचा आणि तिथेच त्याची लघवी तपासायचा; सगळं ठीक असलं की मालकाच्या मनगटावर हिरवा दिवा लागायचा. सोसायटीतली सगळी कुत्री अशीच फिरत. मालक कधी खाली उतरत नसत.

बाईंनी ढब्बूच्या पोटावर हात ठेवला. मूत्राशय फुगून टणक झाला होता.

"याला शेवटची लघवी कधी झाली?"

टिपणीसांनी मनगटाकडे पाहिलं. "स्फटिक शून्य."

"लघवीच झाली नाही, तर त्यात स्फटिक दिसणार कुठून? ते साठून खडा झालाय आणि वाट बंद झालीय. हा मेला असता तरी तुमचा दिवा हिरवाच राहिला असता."

त्यांनी बारीक नळी घालून खडा मागे सारला. लालसर लघवी वाहू लागली तसं ढब्बूचं कण्हणं थांबलं. त्याने बाईंचा हात चाटला.

"वाचला. उद्या ऑपरेशन करून खडा काढू. मग पथ्याचं खाणं आणि भरपूर पाणी. आणि रोज तुम्ही स्वतः याला घेऊन खाली जायचं. पाय वर केल्यावर धार पडते की नाही, ते बघायचं."

टिपणीस गोंधळले. "बघायचं म्हणजे कशाने?"

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"डोळ्यांनी," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या.