जास्वंदीची कुंडी

"शौचाला काळे होते, ते गोळ्यांतल्या लोहामुळे, त्याची भीती नको," डॉक्टर म्हणाले. "पण अण्णा, एवढ्या गोळ्या घेऊनही रक्त वाढण्याऐवजी घटते कसे?"

"वय झाले," अण्णा उत्तरले.

"खोटे कशाला बोलता?" त्यांच्या पत्नीला राहवेना. "डॉक्टर, उष्ण पडतात म्हणून यांनी एकही गोळी गिळली नाही. सगळ्या जास्वंदीच्या कुंडीत पुरल्या. काल माती उकरताना मलाच सापडल्या."

"जास्वंद मात्र रसरसली हो!" अण्णा हसले.

डॉक्टर हसले नाहीत. अण्णांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहत ते सावकाश म्हणाले, "गोळ्या पोटात गेल्याच नसतील, तर तो काळा रंग रक्ताचा आहे. आत कुठेतरी रक्त वाहते आहे."

"एखाददुसरी तरी घेतली असेल मी," अण्णा पत्नीकडे वळले. "नाही का गं?"