पायाचा अंगठा

झोपेत मला कधी कधी विचित्रच होतं. डोळे टक्क उघडे असतात, वर फिरणारा पंखा दिसत असतो, पण बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कुणी ठाण मांडून बसल्यासारखं वाटतं आणि घशातून हाक फुटत नाही. मग कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा हळूच ओढतं आणि मी सुटते. कुणीतरी म्हणजे नवराच. घरात आम्ही दोघंच.

गेला आठवडाभर आमचा कडक अबोला होता. तरी काल पुन्हा तसं झालं, आणि अंगठा ओढला गेलाच. माझं मलाच कसंसं झालं. सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटलं, "एवढा भांडलास, पण अंगठा ओढायला विसरला नाहीस हं."

त्यानं उचललेला कप परत खाली ठेवला.

"मी? अगं, मला वाटायचं, तूच माझा ओढतेस."

"म्हणजे तुलाही होतं तसं?"

"कधीपासून! तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

चहावर साय धरली तरी आम्ही तसेच बसून होतो.

अबोला सुटला. पण रात्री दिवा मालवल्यावर, एकमेकांना काही न सांगता, दोघांनीही पाय पांघरुणाबाहेर काढून ठेवले.