हो सर

सुनेचं ते सारखं ‘हो सर, हो सर’ ऐकून नंदाबाईंचं डोकं फिरलं होतं. साधनाचे पीएचडीचे सर लॅपटॉपवरून बोलत होते, म्हणून बदनापूरच्या त्या घरात टीव्ही बंद, मिक्सर बंद, आणि नंदाबाई दाराशी राखणीला. इंग्रजी कळत नसलं तरी झापलेलं त्यांना कुठल्याही भाषेत कळायचं.

लॅपटॉप मिटून साधना भिंतीला टेकली.

“काय म्हन्ला तो?”

“दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, त्याचा उजेड मला सापडला होता. सर म्हणतात, तो उजेडच न्हाई, दुर्बिणीचा दोष आहे. सगळं पहिल्यापासून करा.”

“मंग, हाय का दोष?”

“बिलकुल न्हाई. उलटंपालटं करून तपासलंय मी. माझं बराबर आहे.”

“मंग तोंड का शिवलं व्हतं?”

“थकले मी, आई. एवढ्या मोठ्या माणसाशी कोण वाद घालणार?”

नंदाबाईंनी लॅपटॉप उचलून पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.

“लाव त्याला परत. या घरात आल्यापासून माझं एक ऐकलं न्हाई तू, अन् त्याच्यापुढं मान डोलावून राह्यली? माझ्यापेक्षा मोठा लागून गेला का तो?”