डब्यातला पुदिना

टेबलावर पुदिन्याचे पाच डबे होते. विननं चौथ्या डब्यातलं एक पान चुरडून वास घेतला आणि ती थांबली.

मग तिनं दुसरं पान तोडून चावलं. आधी सफरचंदासारखा गोडवा, मागून मिरीसारखा चटका. पानं जाड, लव असलेली, कडेला पांढरट. असा पुदिना अख्ख्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होता. तिच्या स्वतःच्या परसात, पाण्याच्या टाकीच्या सावलीला.

खरं तर परीक्षक ती नव्हतीच. गावच्या प्रदर्शनात झाडांना नंबर द्यायचं काम दर वर्षी मिसेस हॉकिंग करायच्या, पण आज सकाळी त्यांची कंबर धरली आणि व्यवस्था बघणाऱ्या डॉट रोवेटनं विनला एप्रनसकट घरून उचलून आणलं. प्रत्येक डब्यापुढे मालकाचं कार्ड पालथं ठेवलेलं. निकाल लागेपर्यंत नाव बघायचं नाही, असा नियम.

तो पुदिना विनच्या नवऱ्याच्या, क्लेमच्या, आजीनं कॉर्नवॉलहून बोटीतून आणला होता. क्लेम त्याला कधी जमिनीत लावायचा नाही. पुदिन्याला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. मेंढ्यांच्या औषधाचा रिकामा डबा कापायचा, पण तळाला भोक पाडायचं नाही, कारण मुळं तिथूनच पळतात. भोकं बाजूला, बुडापासून दोन बोटं वर, आणि आतून खिडकीच्या जाळीचा तुकडा तांब्याच्या तारेनं आवळलेला. असला खटाटोप दुसरं कुणी करत नसे. छाटलेली मुळंसुद्धा तो वाळवून जाळायचा.

कुणाला एक काडी दिली नाही त्यानं. जेनिसनं, पोटच्या लेकीनं, लग्नानंतर एक मुळी मागितली, तर म्हणाला, आज तुझ्याकडे, उद्या तुझ्या सासूकडे, परवा गावभर. जेनिस रडत गाडीत बसली होती. आणि विननं बाजू घेतली होती ती नवऱ्याची. ते तिला आत्ता आठवलं, आणि जिभेवरचा पुदिना कडू लागला.

तिनं डबा उचलला. मेंढ्यांच्या औषधाचाच होता. तळ कोरा. भोकं बाजूला, दोन बोटं वर. जाळीची तार उलट्या अंगानं पिळलेली. क्लेम डावखुरा होता.

"कीड लागलीय का गं?" डॉटनं विचारलं.

"नाही. फार निगुतीनं वाढवलाय."

"मग पहिला?"

"पहिला."

खोटं बोलून चाललं नसतं. घरच्या डब्यापेक्षा हे झाड दुप्पट भरलेलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. डॉटनं कार्ड उलटलं. थेल्मा पेंगिली. धक्क्याजवळ एकटी राहणारी थेल्मा, जिच्या बोअरचा पंप गेली चार वर्षं नेमका दर गुरुवारी बिघडायचा. क्लेम हत्यारांची पेटी घेऊन जायचा आणि स्वच्छ हातांनी परत यायचा. विनला त्या हातांचं कौतुक वाटायचं. म्हणायची, माझा नवरा कामातसुद्धा टापटीप.

डॉट एकाएकी लोणच्यांच्या टेबलाकडे बघायला लागली. म्हणजे डॉटला माहीत होतं. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि शहाणी म्हणवणारी विन तेवढी राहिली होती.

"परीक्षकानं कार्डावर शेरा लिहायचा असतो," डॉट लोणच्यांकडे बघतच म्हणाली. "पण नाही लिहिला तरी चालतो, विन."

"लिहिते की. लोक हौसेनं वाचतात."

लोक म्हणजे क्लेमच. दर वर्षी तो सभागृहाच्या एका टोकापासून सगळी कार्डं मोठ्यानं वाचत निघायचा, प्रत्येक शेऱ्याला आपलं शेपूट जोडायचा, आणि मागे पंधरा-वीस माणसं हसत चालायची.

तीन वाजता दारं उघडली. क्लेम आला. अंगात विननंच सकाळी इस्त्री केलेला शर्ट, बरोबर जेनिस. आज बायको परीक्षक आहे हे त्याला दारातच कुणीतरी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, मग आज कुणाची धडगत नाही. विन चहाच्या टेबलामागे उभी राहून कप भरत होती.

केकपाशी त्यानं वाचलं, "'वरून छान, मध्ये जरा कच्चा.' आमच्या चर्चच्या खजिनदारासारखा." लोक हसले. भोपळ्यापाशी आणखी हसले. थेल्मा दाराजवळ होती, तिनं हातमोजे काढले आणि परत घातले.

क्लेम पुदिन्यापाशी आला. त्याचा हात कार्डाकडे गेला होता आणि तोंड आधीच उघडलेलं होतं, त्यामुळे थांबायला त्याला वेळच मिळाला नाही.

"'पहिला क्रमांक. थेल्मा पेंगिली,'" त्यानं वाचलं. "'रोप निरोगी. डबा उत्तम. जाळीची तार डावखुऱ्या हातानं पिळलेली.'"

या वेळी कुणी हसलं नाही. जेनिस पुढे झाली. तिनं वाकून एक पान चुरडलं, बोटं नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"पुढे काय लिहिलंय, बाबा?" तिनं विचारलं.

क्लेम कार्डाकडे बघत राहिला. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.